गुरुजींचा कार्तिक

शेहेचाळिसाव्या वर्षी मी इंटर्न झाले. एम.कॉम.च्या नव्या अभ्यासक्रमात उन्हाळ्याचे सहा आठवडे कुठल्या तरी कार्यालयात प्रत्यक्ष काम करावं लागतं, त्याशिवाय गुणपत्रिका पुरी होत नाही. वर्गातली बाकीची मुलं-मुली बावीस-तेवीस वर्षांची. त्यांना लगेच जागा मिळाल्या. माझा अर्ज पाहून एका बँकेतल्या साहेबांनी आमच्या प्राध्यापकांना विचारलं, "हा अर्ज मुलीच्या आईनं भरलाय का?"

वीस वर्षं मी अमरावतीच्या एका कापड दुकानात हिशेब लिहिले. मालकांच्या मुलानं सगळं संगणकावर न्यायचं ठरवलं, तेव्हा मी ते शिकून घेतलं आणि त्यालाही शिकवलं. पगारवाढीची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "काकू, तुमच्याजवळ डिग्री कुठं आहे?" प्रश्न बरोबर होता. बाहेरून बी.कॉम. केलं आणि मग एम.कॉम.ला रीतसर नाव घातलं. यात कोणाला काही प्रेरणादायी दिसत असेल तर त्यांनी मे महिन्यात भर दुपारी बडनेरा ते अमरावती सिटी बसनं एकदा जाऊन यावं.

शेवटी मला इंगोले सरांनी घेतलं. सर करसल्लागार. कॉटन मार्केटजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, तीन टेबलं, एक कूलर. घर शेतकऱ्याचं, बोलणं अस्सल वऱ्हाडी, आणि इंग्रजी उत्तरं लिहायला बसले की मात्र एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

"मॅडम, पगार नाही भेटत," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "चहा भेटते. चालते काय?"

"चालते," मी म्हटलं.

"मंग पहिले कूलरात पानी टाका."

बाहेरच्या माणसाला वाटतं, करसल्लागाराकडे आकडेमोडीचं काम असतं. आकडेमोड संगणक करतो. आमचं काम म्हणजे माणसाकडून कागद काढणं, आणि कागद नसेल तर माणूस जे सांगतो त्यातून तो तयार करणं. सरकारला तुमच्याबद्दल काय माहीत आहे याची एक यादी सरकारच्याच संकेतस्थळावर असते. बँकेचं व्याज, जमिनीची खरेदी, रोख भरलेले पैसे, सगळं त्यात. अर्धेअधिक लोक ती यादी पहिल्यांदा आमच्या टेबलावर पाहतात आणि बायकोसमोर पाहायला नको होती असा चेहरा करतात.

इंटर्नला दिलं जाणारं खास काम म्हणजे ओटीपी मागणं. विवरणपत्र भरून झालं की ते अशिलाच्या मोबाईलवर आलेल्या सहा आकड्यांनी पक्कं करावं लागतं. ते पंधरा मिनिटांत नाही मिळाले तर पुन्हा पहिल्यापासून. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी होते. त्यांना मी फोन लावला.

"भाऊ, इंगोले सरांच्या ऑफिसातून बोलते. तुमच्या मोबाईलवर सहा आकडे आले असतील, ते सांगता का?"

"कायले?"

"तुमचं रिटर्न पक्कं करायला."

"बाई, कोनाले फोन लावला का पहिले ते रेकॉर्ड वाजते, ओटीपी कोनाले सांगू नका. अन् तुमी तेच मांगून राहिल्या."

"अहो, ऑफिसातूनच बोलते. सरांना देऊ का फोन?"

"सरायचा आवाज बी आजकाल नकली काढतात."

मग मी सांगितलं की मी शेंदूरजन्याचीच लेक आहे, आमचाही बगीचा आहे.

"असं? मंग सांगा, तुमच्या बगीच्यात आंबिया बहार घेतात का मृग?"

"मृग. विहिरीला उन्हाळ्यात पाणी कुठं राहते?"

"हं. पानी नाहीच इकडे." मग आतल्या खोलीत कोणाला तरी चष्मा मागितल्याचा आवाज आला. त्यांनी सहा आकडे सांगितले तेव्हा सोळावं मिनिट लागलं होतं.

नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यातला एक तरुण कामगार रोज यायचा. त्याच्या मित्राला म्हणे कोणीतरी चाळीस हजार परत मिळवून दिले होते. न भरलेलं घरभाडं दाखवून.

"मॅडम, त्याले भेटले, मले काहून नाही?"

"तू भाड्यानं राहतो का?"

"नाही. घरचंच घर हाय."

"मग भाडं कोणाला देतो?"

"बाबाले देतो म्हना ना."

"बाबाच्या रिटर्नमध्ये मग ते भाडं दाखवावं लागेल. बाबाला सांगू का?"

तो गेला. पुढच्या वर्षी त्या मित्राला नोटीस आली, तेव्हा हा पेढे घेऊन आला. सरांनी पेढा घेतला आणि मित्राचा नंबरही घेतला.

असे तीन आठवडे बरे चालले होते. चौथ्या आठवड्यात वसंतगुरुजी आले.

गुरुजी अमरावतीत जुने. पिढीजात पौरोहित्य, वय साठीच्या अलीकडे, पांढरं धोतर, पायात मात्र मुलाचे जुने स्पोर्ट्स बूट. गुडघे दुखतात म्हणून. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न पडू देता त्यांनी एक कागद आणला होता. आयकर खात्याची नोटीस. आदल्या वर्षीचं त्यांचं विवरणपत्र घराजवळच्या नेट कॅफेवाल्यानं भरलं होतं. त्यात उत्पन्न होतं चार लाखांच्या आसपास. त्याच वर्षात गुरुजींच्या बचत खात्यात रोख भरली गेली होती तेरा लाखांवर. आयकर खातं विचारत होतं, हे पैसे कुठून आले.

"इंगोले, मी कोणाचे पैसे खाल्ले नाहीत," गुरुजी म्हणाले.

"खाल्ले कोन म्हनते, गुरुजी? भरले म्हनतात."

झालं होतं असं. गुरुजींची मोठी कामं अकोल्याची. धान्याच्या आणि डाळीच्या धंद्यातली मारवाडी कुटुंबं. त्यांच्याकडे भागवत सप्ताह, मोठे यज्ञ, शांती. पद्धत अशी की सगळं काम गुरुजींनी अंगावर घ्यायचं: सोबतचे नऊ-अकरा ब्राह्मण, आचारी, फुलवाला, पूजेच्या सामानाचं दुकान. समाप्तीच्या दिवशी यजमान सगळी रक्कम एकदम गुरुजींच्या हातात ठेवणार. घरात रोकड नको म्हणून गुरुजी दुसऱ्या दिवशी ती बँकेत भरणार आणि मग काढून काढून ज्याची त्याला देणार. शेवटी उरेल ती त्यांची दक्षिणा. नेट कॅफेवाल्यानं उरलेली तेवढी दाखवली. ते खरं होतं, फक्त ते खरं असल्याचा कागद नव्हता.

"खुलासा नाही पटला तं?" गुरुजींनी विचारलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. "तं त्या वरच्या रकमेचे चारातले तीन हिस्से टॅक्समंदी जातात. त्याच्यावर दंड."

गुरुजींनी नोटीस पुन्हा पिशवीत सरकवली. मग त्यांनी सांगितलं की तीस वर्षं ते भाड्याच्या घरात आहेत. मालकानं वर्षाची मुदत दिली आहे. बडनेऱ्याला दोन खोल्यांचा फ्लॅट बुक केलाय, ठेवी मोडून पुढच्या महिन्यात मोठा हप्ता द्यायचा आहे. "तो देऊ की थांबवू?"

"थांबवा," सर म्हणाले.

मी समोरच बसले होते. ते ज्या इमारतीचं नाव घेत होते ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत काम आलेलं मी रोज बसमधून पाहत होते.

गुरुजींकडे हिशेब होता. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. प्रत्येक कामाचं पान वेगळं. कोणाकडे काय होतं, किती मिळाले, कोणत्या ब्राह्मणाला किती दिले, आचाऱ्याचे किती, फुलांचे किती. सुंदर अक्षर. वीस वर्षं हिशेब लिहूनही मी इतकी स्वच्छ वही लिहिली नाही. फक्त त्या अख्ख्या वहीत एकही तारीख नव्हती. सगळीकडे तिथी. वैशाख शुद्ध दशमी. कार्तिक वद्य पंचमी. माघ शुद्ध त्रयोदशी.

"तारीख का नाही घातली, गुरुजी?" मी विचारलं.

"कशाला? कामं तिथीनं ठरतात."

सर म्हणाले, "मॅडम, हे सारं तारखेत आना. आता पूर्वीसारखं नाही, का पिशवीत कागदं घेतले अन् साहेबासमोर जाऊन बसलो. उत्तर कोनाकडे जाते, आपल्याले ठाव नाही. चेन्नईचा असंन, गुवाहाटीचा असंन. त्याले वद्य पंचमी काय समजते?"

हे काम मला आवडलं. घरी दारामागे सासूबाई जुनी कॅलेंडरं टांगून ठेवतात, दुधाचे खाडे त्यावरच असतात. त्यातलं ते वर्ष काढलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणजे श्रावण दोन. तिथं घोळ होणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तिथं मी प्रत्येक नोंद गुरुजींना फोन करून विचारली. आठ दिवस लागले. चौसष्ट कामं, चौसष्ट तारखा, एक तक्ता. बँकेत भरलेल्या रकमांचा दुसरा तक्ता. दोन्हींची बेरीज रुपयाला रुपया जुळली. कापड दुकानात वर्षअखेरीला बेरीज जुळली की मालक जिलेबी मागवायचे. मला त्या दिवशी जिलेबीची आठवण झाली, हे कबूल करते.

"बेरीज जमली?" सरांनी विचारलं.

"जमली."

"मंग टाका."

संकेतस्थळावर उत्तर चढवताना विचारतात, हे पूर्ण उत्तर आहे की अंशतः? पूर्ण म्हटलं की दार बंद. मी अंशतः वर खूण केली, कारण अकोल्याच्या यजमानांची पत्रं यायची होती. आम्ही अमुक दिवशी गुरुजींना अमुक रक्कम दिली, अशी. मुदत संपायला पाच दिवस होते. पत्रांचा मजकूर मी टाइप करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले.

पहिलंच घर सगळ्यात मोठ्या यजमानांचं. डाळमिलवाले. सेठजी मिलमध्ये होते. घरी त्यांची आई, तिला सगळे माजी म्हणत, आणि सून. माजी गवारीच्या शेंगा निवडत होत्या. सुनेनं पाणी आणलं, पत्र हातात घेतलं आणि वाचता वाचता थांबली.

"ताई, हे डिसेंबर कसं लिहिलं? आमचं भागवत तर दिवाळीच्या आधी झालं."

"गुरुजींच्या वहीत कार्तिक वद्य पंचमी आहे," मी म्हटलं.

"हो, काती बदी पांचम. बरोबर आहे."

"मग दिवाळीनंतरच ना. कार्तिक दिवाळीच्या पाडव्याला लागतो."

"असं कसं? घराला रंग देणं चालू होतं. माझ्या पिवळ्या साडीला डिस्टेंपर लागला, त्याच्यावरून केवढं झालं होतं." तिनं मोबाईल काढला. पिवळ्या साडीतली ती, मागे पोथी, शेजारी गुरुजी स्पोर्ट्स बूट काढून बसलेले. फोटोवर तारीख होती. नोव्हेंबरची सुरुवात. दिवाळी त्या वर्षी त्यानंतर आठ-दहा दिवसांनी होती.

मी वही उघडली. पुन्हा वाचलं. कार्तिक वद्य पंचमीच होतं.

माजींनी शेंगेचा दोरा काढून बाजूला ठेवला. "बेटा, थारो महीनो अमावस ने पूरो होवै. म्हारो पूनम ने."

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो. उत्तरेकडचा, मारवाड्यांचा, पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्ष लागला की त्यांचा पुढचा महिना सुरू होतो, आपला जुनाच चालू असतो. कृष्णाष्टमी आपण श्रावणात करतो, ते भादव्यात. दिवस एकच, रात्र एकच, कृष्णही एकच. म्हणजे ज्याला ते कार्तिक वद्य म्हणतात तो आपला आश्विन वद्य. दिवाळीच्या आधीचा.

हे मी शाळेत शिकले होते. विसरलेही नव्हते. आठ दिवस ती वही घेऊन बसले आणि सुचलं नाही, एवढंच.

तिथंच खाली बसून मी बँकेचा तक्ता काढला. त्या सप्ताहाची रक्कम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेत भरलेली होती. माझ्या तक्त्याप्रमाणे गुरुजींना ती मिळाली डिसेंबरच्या सुरुवातीला. मिळण्याआधी महिनाभर भरली. मारवाडी यजमानांची वद्य पक्षातली सगळी कामं एकेक करून पाहिली. बारा होती. बाराही तशीच. आणि मोठ्या रकमा सगळ्या त्या बारांतच. एकूण बेरीज मात्र जुळतच होती, कारण बेरजेला महिना कळत नाही.

नोटीस आली तेव्हा गुरुजींकडे पुरावा नव्हता. आता त्यांच्या विरुद्धचा पुरावा त्यांच्याच सहीनं सरकारकडे गेला होता, आणि तो मी तयार केला होता.

"काय झालं?" सुनेनं विचारलं.

"माझी चूक झाली. ह्या पत्रावर सही करू नका."

"मी करणारच नव्हते," ती म्हणाली. "चहा घ्या पहिले."

परत येताना गाडीत माझ्या मनात एक विचार आला. तोही लिहिते, कारण तो आलाच. तिकडे बसलेला अधिकारी दोन तक्ते शेजारी ठेवून पाहीलच कशावरून? सरांनी पाहिले नव्हते. मी पाहिले नव्हते. पत्रांत तारीखच घालायची नाही, नुसतं 'कार्तिक महिन्यात' लिहायचं, झालं. मुर्तिजापूर येईपर्यंत हा विचार टिकला. मग लक्षात आलं, पैसे मिळाले कधी आणि भरले कधी, हाच तर त्याचा प्रश्न आहे. तो दुसरं पाहणार काय?

दुपारी मी कार्यालयात पोचले. सरांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही तक्ते मागून घेतले, पट्टी लावून बारा ओळी पाहिल्या आणि गुरुजींना फोन करून बोलावलं. गुरुजी अर्ध्या तासात आले. त्यांनाही मीच सांगितलं.

"बाई, तुम्हाला कृष्णाष्टमी ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही. चुकले."

त्यांचा चेहरा लाल झाला. "माझं घर जातं आहे, आणि तुम्ही नुसतं चुकले म्हणता."

मला वाईट वाटत होतं. पण त्या वहीचा रागही आला होता. "गुरुजी, एकाच वहीत तुम्ही दोन पद्धती लिहिता. मराठी घरची कामं आपल्या महिन्यानं, मारवाड्यांची त्यांच्या. वाचणाऱ्याला कळावं कसं?"

"यजमानाचा संकल्प यजमानाच्या महिन्यानं सुटतो. माझा महिना मी त्याच्यावर कसा लादू?"

"मग निदान कुठं तरी लिहायचं."

"मला माहीत होतं."

"मले बी माहीत होतं," सर मध्येच म्हणाले, "का बेरीज जमली तरी खालची ओळ सोडून बाकीच्या बी पाह्याच्या असतात. पाह्यल्या नाही. आता तिघं बी चूप बसू. चार दिवस हायेत."

मी सांगितलं, पहिलं उत्तर मागे घेऊन दुसरं टाकू. सर म्हणाले, टाकलेलं उत्तर पुसता येत नाही, ते तसंच राहणार. आता नुसत्या नव्या तारखा दिल्या तर वाचणारा म्हणेल, पैसे भरल्याच्या तारखा पाहून कामांच्या तारखा मागाहून बसवल्या. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

"मंग त्याले दाखवाव लागते, का हा फरक आपन आता तयार नाही केला. कोनाजवळ तिथी अन् तारीख दोन्ही लिहून असंन?"

गुरुजी खुर्चीत मागे टेकले होते, ते सरळ झाले. "सेठजींच्या मुनीमाकडे. त्यांच्या बहीत मिती पण असते आणि तारीख पण. बँकेचं काम तारखेनं चालतं ना त्यांचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. गुरुजी खिडकीत बसले, माझ्याशी बोलले नाहीत. भुसावळकडे जाणाऱ्या एका कुटुंबानं त्यांना मुलाच्या मुंजीचा मुहूर्त विचारला, त्यांच्याशी बोलले. मिलमध्ये मुनीमजींनी बही काढली. लांब, उभी दुमडलेली. नोंदीच्या डाव्या कोपऱ्यात मिती, खाली लहान अक्षरात इंग्रजी तारीख, आणि समोर, वसंतजी महाराज को भागवत खाते दिया, एवढी रक्कम. काती बदी ५ आणि नोव्हेंबर एकाच कोपऱ्यात, एकाच शाईत. मी आजवर पुष्कळ वह्या पाहिल्या आहेत. इतकी आवडलेली दुसरी नाही.

बारा कामं सहा घरांची होती. पाच घरांत बही मिळाली. सहाव्या घरी नुसतं पत्र मिळालं आणि मांडवातले फोटो. डाळमिलवाल्यांच्या सुनेनं पत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. माजींनी सही करण्याआधी ते दोनदा वाचून घेतलं आणि मला म्हणाल्या, "अब ठीक है." गुरुजींना त्यांनी विचारलं, महाराज, तुम्ही असे कोमेजलेले का? गुरुजी म्हणाले, कागदाचं काम आहे, माजी, मंत्राचं असतं तर कोमेजलो नसतो. त्यावर पहिल्यांदा ते माझ्याकडे पाहून थोडं हसले.

सरांनी दुसरं उत्तर लिहिलं. दीड पान. सुरुवातच अशी की आमचा पहिला तक्ता चुकीचा आहे, बारा नोंदी चुकल्या आहेत, आणि चूक काय आहे ते पुढे सांगतो. मग दोन महिन्यांचा फरक चार सोप्या वाक्यांत. मग बहीची पानं, पत्रं, फोटो, मराठी पंचांगाचं आणि हिंदी पंचांगाचं त्या पंधरवड्याचं एकेक पान. ही चूक आमच्या कार्यालयाची आहे, करदात्याची नाही, असंही एक वाक्य होतं.

"माझं नाव घाला हवं तर," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"तुमचं नाव कायले? तुमाले पगार तरी कुठी देऊन राहिलो मी?"

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी ते उत्तर गेलं. या वेळी 'पूर्ण' वर खूण सरांनी स्वतः केली. आठवड्यानं माझे सहा आठवडे संपले. कॉलेजच्या फॉर्मवर सरांनी पन्नासपैकी एकेचाळीस गुण दिले. नऊ कुठं गेले ते मी विचारलं नाही.

पुढच्याच महिन्यात निकाल लागला, आणि सरांनी बोलावून घेतलं. आता मी त्याच कार्यालयात दुसऱ्या टेबलावर बसते. पगार भेटते. पण ते वर्ष सोपं नव्हतं. गुरुजी दर सोमवारी यायचे, किंवा फोन करायचे, आणि एकच विचारायचे, "काही आलं?" आम्ही संकेतस्थळ उघडून पाहायचो. प्रलंबित. मध्ये एकदा त्या बिनचेहऱ्याच्या अधिकाऱ्यानं आणखी विचारणा केली. सहाव्या घराची बही का नाही, अकरा ब्राह्मणांपैकी पाच जणांच्या पावत्या द्या. म्हणजे तो वाचत होता, ओळ न् ओळ. त्याची मला भीतीही वाटली आणि बरंही वाटलं. गुरुजींनी पाच ब्राह्मण गोळा करून आणले. कार्यालयातल्या दोन बाकांवर ते ओळीनं बसले आणि सह्या देईपर्यंत कूलरच्या वाऱ्याची तारीफ करत राहिले. बिल्डरनं दिवाळीनंतर शेवटचं पत्र दिलं. मार्चपर्यंत हप्ता आला नाही तर फ्लॅट दुसऱ्याला. घरमालकानं कुलूप बदलायची भाषा सुरू केली होती. या काळात गुरुजींनी मला पुन्हा एकदाही त्या चुकीवरून बोलून दाखवलं नाही. त्यांनी बोललेलं मला सोपं गेलं असतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी सकाळी मी बसमध्ये असताना सरांचा फोन आला.

"मॅडम, आदेश आला."

"काय आहे?"

"विवरनपत्रातलं उत्पन्न जसं हाय तसं मान्य. वाढ शून्य. मी दोनदा वाचलं, तुमी येऊन तिसऱ्यांदा वाचा. गुरुजीचा फोन बंद हाय."

गुरुजींच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, साईनगरात सत्यनारायण आहे, दुपारपर्यंत फोन बंदच असतो. मी तिथंच उतरले आणि रिक्षा केली. घर सापडलं. दाराशी चपलांचा ढीग, त्यात ते स्पोर्ट्स बूट. आत पंधरावीस माणसं, चौरंगावर पूजा, चौथा अध्याय चालू. त्या घरच्या बाईंना वाटलं, मी शेजारची कोणी. त्यांनी मला सतरंजीवर जागा दिली.

गुरुजींनी मला पाहिलं. पोथी हातात, तोंडानं कथा चालू. मध्ये थांबता येत नाही. त्यांच्या डोळ्यांत जो प्रश्न होता तो मी आठ महिने दर सोमवारी पाहत होते. मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्यांना कळेना. कथा जरा अडखळली. मग मी दोन्ही हातांनी खूण केली, जशी आपण लहान मुलाला करतो, झालं, झालं. यजमानांनी माझ्याकडे वळून पाहिलं. गुरुजींनी पोथीत मान खाली घातली आणि पाचवा अध्याय अशा वेगानं सांगितला की तुंगध्वज राजाला गर्व व्हायला आणि उतरायला मिळून पाच मिनिटंही मिळाली नाहीत.

आरतीची तयारी चालू झाली तसे ते उठून बाहेर व्हरांड्यात आले.

"पूर्ण मान्य?"

"पूर्ण. एक रुपया वाढवला नाही."

त्यांनी भिंतीला हात टेकला. मग बसले, तिथंच पायरीवर, चपलांशेजारी. मलाही बसावंसं वाटत होतं.

"तुमचा फोन द्या जरा," ते म्हणाले. नंबर त्यांना पाठ होता. "हॅलो. वसंतगुरुजी बोलतोय. बडनेऱ्याचा, तिसरा मजला. हो, तोच. हप्ता उद्या देतो." पलीकडून कोणीतरी काहीतरी विचारलं असावं. "नाही, रोख नाही. चेक. माझाच चेक. घरात कोण रोकड ठेवतं?"

फोन मला परत देऊन ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. आतून घंटा वाजू लागली होती.

"चला आरतीला," ते म्हणाले. "आणि टाळ्या जरा वेळेवर वाजवा. मघाशी तुम्ही फारच हातवारे करत होता."